परदेशात मानवी हक्क कायदा शिकायला जाताय? अर्ज कुठे अडतो ते आधी वाचा

आंतरराष्ट्रीय मानवी हक्क कायदा घेऊन, त्यातही स्त्रियांच्या हक्कांवर भर देऊन परदेशात एलएलएम (कायद्यातली पदव्युत्तर पदवी) करावं, असं ठरवणाऱ्या मुली आता कोल्हापुरात आहेत, इचलकरंजी-गडहिंग्लजकडेही आहेत. हुशार आहेत, कामाचा अनुभव आहे, आणि तरी शिष्यवृत्तीचा अर्ज परत येतो. कारण बहुतेक वेळा गुणांमध्ये नसतं, कागदांमध्ये असतं. म्हणून नेहमीच्या पायऱ्या मी इथे भरभर सांगणार आहे आणि अडणाऱ्या जागांवर थांबणार आहे.

पहिली गोष्ट पदवीची. एलएलएमसाठी बहुतेक ठिकाणी कायद्याची पदवी लागते, तीन वर्षांची किंवा पाच वर्षांची. बीए किंवा एमएसडब्ल्यू झालेल्यांनी एलएलएमच्या मागे लागू नये, मानवी हक्क विषयातली एमए किंवा एमएस्सी शोधावी. ‘स्त्रियांचे हक्क’ या नावाची स्वतंत्र पदवी क्वचितच मिळते. बहुतेक ठिकाणी तो एलएलएममधला एक पेपर किंवा प्रबंधाचा विषय असतो. अर्जात अभ्यासक्रमाचं नाव लिहिताना ऑफर लेटरवर आहे तसंच, अक्षर न बदलता लिहा. ‘महिला हक्क’ असं आपल्या मनाने लिहिलं की छाननीत दोन कागद जुळत नाहीत आणि अर्ज बाजूला पडतो.

योजना कोणती, यावरच खूप जणींचा गोंधळ होतो, आणि आपल्याकडे तर जास्तच, कारण शाहू महाराजांचं नाव एकाहून अधिक योजनांना आहे. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती सामाजिक न्याय विभागाची आहे, अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी. तिचा कारभार पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयातून चालतो. महाडीबीटी या राज्याच्या संकेतस्थळावर दिसणारी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती इथल्या फीसाठी आहे, परदेशाशी तिचा संबंध नाही. सारथी ही संस्थाही शाहू महाराजांच्या नावाची, पण मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठीच्या तिच्या परदेशी शिष्यवृत्तीला सयाजीराव गायकवाडांचं नाव आहे. केंद्र सरकारची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती योजना फक्त अनुसूचित जातींसाठी आहे असं अनेकांना वाटतं. पण भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर कुटुंबांतल्या मुलीही तिच्यात बसतात. ही ओळ कोणी वाचत नाही, म्हणून मुद्दाम सांगतेय. ब्रिटनच्या चिव्हनिंग शिष्यवृत्तीला जातीची किंवा उत्पन्नाची अट नाही, पण २,८०० तासांचा कामाचा अनुभव हवा आणि शिकून झाल्यावर दोन वर्षांसाठी मायदेशी परतायचं. मानधनाशिवाय केलेलं कामही त्या तासांत धरतात. महिला संघटनेत, समुपदेशन केंद्रात वर्षानुवर्षं काम करून ‘मला अनुभव नाही’ म्हणणाऱ्या बायका मी पाहते, तेव्हा फार वाईट वाटतं. तास मोजा, आणि संस्थेकडून तारखांसह पत्र आत्ताच घ्या.

यानंतर क्रमवारी. सरकारी योजनांत विद्यापीठ क्यूएस या जगभरातल्या विद्यापीठांच्या क्रमवारीत ठरावीक क्रमांकाच्या आत लागतं. राज्याच्या योजनेत अलीकडे ही मर्यादा २०० आहे, केंद्राच्या योजनेत ५००. इथे विषयाची क्रमवारी चालत नाही, विद्यापीठाचा एकूण क्रम बघतात. इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठाचं मानवी हक्क केंद्र या विषयात जगभर मानलं जातं, पण विद्यापीठ एकूण क्रमवारीत पहिल्या २०० च्या बाहेर आहे. मुलगी मेहनतीने एसेक्सची ऑफर मिळवते आणि राज्याच्या योजनेत तिथेच अपात्र ठरते. स्वीडनच्या लुंड विद्यापीठात याच विषयाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे आणि ते क्रमवारीत बरंच वर आहे. आपल्या विषयाचं उत्तम केंद्र एकूण क्रमांकावरून नाकारणं मला पटत नाही, पण नियम आज असा आहे. शिष्यवृत्तीच्या जाहिरातीच्या वर्षाची यादी उघडून नाव तपासल्याशिवाय एकाही विद्यापीठाची अर्ज फी भरू नका.

आता नाव. लग्न झालेल्या अर्जदारांचे सर्वाधिक अर्ज इथे अडलेले मी पाहिलेत. दहावीचं प्रमाणपत्र, पदवी आणि जातीचा दाखला माहेरच्या नावाने असतो, कारण जात वडिलांकडच्या पुराव्यावरच ठरते. आधार, पॅन आणि पासपोर्ट सासरच्या नावाने होऊन बसलेले असतात. छाननी करणाऱ्याच्या दृष्टीने या दोन वेगळ्या बायका. प्रतिज्ञापत्राने काम भागेल असं सेवा केंद्रात सांगतात, पण दर ठिकाणी ते भागत नाही. विवाह नोंदणीचा दाखला हवा, आणि नाव खरोखर बदललं असेल तर राजपत्रातली नोंद हवी. गावाकडच्या कितीतरी लग्नांची नोंदच झालेली नसते. ती ग्रामपंचायतीत किंवा महापालिकेत आधी करून घ्या. अजून पासपोर्ट काढला नसेल तर तो पदवीवरच्या नावानेच काढा. नवऱ्याचं नाव लावायची सक्ती नाही. स्त्रियांच्या हक्कांचा अभ्यास करायला निघालेल्या बाईला आधी स्वतःचं नाव सिद्ध करत फिरावं लागतं, याचा मला राग येतो.

जात वैधता प्रमाणपत्र नसेल तर त्याला सर्वांत जास्त वेळ लागतो हे धरून चाला. जात पडताळणी समितीचं कार्यालय कोल्हापुरात विचारे माळावरच्या सामाजिक न्याय भवनात आहे. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यावरची नोंद किंवा गाव नमुना १४ (जुनी जन्म-मृत्यू नोंदवही) शोधायला मूळ गावी जावं लागतं, आणि तिथलं जुनं दप्तर एका फेरीत हाती लागेल याची खात्री नाही.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचाच लागतो, आणि जाहिरातीत सांगितलेल्या आर्थिक वर्षाचा. मागच्या वर्षीचा जोडला की अर्ज संपला. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाच्या ८ लाखांच्या मर्यादेत तुमचा स्वतःचा पगारही धरतात. लग्न झालेलं असेल तर कुटुंबात कोणाचं उत्पन्न मोजायचं, ते नियमावलीत वाचून मगच तलाठ्याकडे जा.

ऑफर लेटर विनाअट हवं, ही अट बहुतेक जणी उशिरा वाचतात. विद्यापीठ आधी सशर्त ऑफर देतं: अंतिम गुणपत्रक द्या, आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा द्या, अनामत भरा. अनामत भरायला पैसे नाहीत म्हणूनच तर शिष्यवृत्ती हवी, हा पेच खरा आहे. अशा वेळी गप्प बसू नका. ‘सरकारी शिष्यवृत्तीसाठी अर्ज करत आहे, अनामत माफ करावी किंवा पुढे ढकलावी’ असं विद्यापीठाला लिहा. काही विद्यापीठं मान्य करतात. शिवाजी विद्यापीठातून ट्रान्सस्क्रिप्टची (सगळ्या वर्षांच्या गुणांच्या अधिकृत उताऱ्याची) मागणी लवकर नोंदवा. शिफारसपत्रं लेटरहेडवर आणि शक्यतो प्राध्यापकांच्या कॉलेजच्या ईमेलवरून पाठवायला सांगा. आयईएलटीएसचा निकाल दोन वर्षंच चालतो.

उद्देशपत्रात, म्हणजे हा अभ्यास का करायचा ते सांगणाऱ्या निबंधात, मात्र वेळ घाला. ‘मला महिलांना न्याय मिळवून द्यायचा आहे’ एवढ्यावर कोणी निवडत नाही. त्यापेक्षा नेमका मुद्दा घ्या. उदाहरणार्थ, संयुक्त राष्ट्रांचा महिलांविषयीचा करार, म्हणजे सीडॉ, १९७९ चा. भारताने तो १९९३ मध्ये मान्य केला, पण कलम ५(अ) आणि १६(१) बाबत असं निवेदन जोडून की कोणत्याही समाजाच्या वैयक्तिक बाबींत त्या समाजाच्या पुढाकाराशिवाय आणि संमतीशिवाय सरकार हात घालणार नाही. कलम ५(अ) घातक रूढी बदलण्याविषयी आहे. मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्यानंतर राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. समाजाचा पुढाकार म्हणजे काय, याचं इतकं नेमकं उदाहरण तुमच्या जिल्ह्यात असताना परदेशातली उदाहरणं का शोधायची? शाहू महाराजांनी संस्थानात १९१७ मध्ये पुनर्विवाहाचा आणि १९१९ मध्ये स्त्रियांच्या छळाविरुद्धचा कायदा केला, तोही धागा आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविषयीच्या विशाखा खटल्यात १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने सीडॉचा आधार घेतला, तो निकाल मुळातून वाचा.

एक चूक टाळा. ‘भारतीय महिलांच्या तक्रारी सीडॉ समितीपुढे नेईन’ असं लिहू नका. त्या वैयक्तिक तक्रारींची वाट १९९९ च्या ऐच्छिक प्रोटोकॉलमधून, म्हणजे सीडॉच्या वेगळ्या जोडकरारातून, जाते आणि भारत त्यात सामील नाही. केंद्राच्या योजनेसाठी आणखी एक सावधगिरी: २०२२ च्या नियमावलीने भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळले. हा निर्णय मला अन्यायाचा वाटतो. पण त्यामुळे तिथे अर्ज करताना चालू वर्षाचं कलम वाचा आणि विषय आंतरराष्ट्रीय कायद्याच्या चौकटीतच मांडा.

मुदतीबाबत दोन गोष्टी. विद्यापीठाची आणि शिष्यवृत्तीची मुदत वेगवेगळी असते. परदेशी संस्थांची वेळही त्यांच्या घड्याळाची असते. लंडनचे दुपारचे १२ म्हणजे ऋतूप्रमाणे आपले साडेचार किंवा साडेपाच. रात्री १२ पर्यंत वेळ आहे असं समजून बसलेल्या मुलीला संध्याकाळी संकेतस्थळ बंद मिळतं.

निवड झाल्यावर सरकारी योजनांत करारनामा होतो आणि जामीनदार मागतात. ज्यांच्या घरात कोणाच्याच नावावर जमीन किंवा घर नाही, त्यांची निवड होऊनही गाडी इथे थांबते. ऐपतीचा दाखला देऊ शकेल असा माणूस, मामा असो, चुलते असोत की ओळखीचे निवृत्त शिक्षक, अर्ज भरायच्या आधीच गाठा. शिक्षण अर्धवट सोडलं तर वसुली होऊ शकते, हेही त्यांना स्पष्ट सांगा आणि सही करायची तयारी आहे का ते तेव्हाच विचारा.