तंटामुक्तीचा कागद आणि कोर्टाचा आदेश

नवऱ्याने मारलं म्हणून बाई सरपंचांकडे गेली की पुढचं बहुतेक ठिकाणी ठरलेलं असतं. संध्याकाळी देवळात बैठक, दोन्हीकडची चार माणसं, चहा, आणि शेवटी स्टॅम्पपेपर. 'यापुढे दारू पिऊन मारहाण करणार नाही, नीट नांदवीन.' खाली त्याची सही, तिचा अंगठा, पंचांच्या सह्या. बाईला वाटतं, आता कायदा आपल्या पाठीशी आहे. पंचांनाही मनापासून तसंच वाटतं.

तसं नसतं. महिन्याभराने त्याने पुन्हा हात उचलला, तर कागद मोडला म्हणून त्याला कोणी अटक करत नाही. त्या मारहाणीची तक्रार पहिल्यापासून, नव्याने द्यावी लागते. (तरी तो कागद फाडू नका. आधी मारल्याचं त्याने स्वतः लिहून दिलंय, पुढे कोर्टात तेच कामाला येतं.)

महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम 15 ऑगस्ट 2007 ला सुरू झाली, तेव्हा आर. आर. पाटील गृहमंत्री होते. गावातले तंटे गावातच मिटावेत हा हेतू, आणि गावाला बक्षीसही. बांधाचा वाद, पाण्याची पाळी, भाऊबंदकी यांसाठी ही सोय मला आजही पटते. तिथे दोघं समोरासमोर बसतात, दोघं थोडं सोडतात. पण मार खाणाऱ्या बाईने सोडायचं काय? आणि बैठक उठली की ती त्याच्याबरोबर त्याच घरात जाते.

दुसरी वाट 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याची. महिला व बालविकास विभागाचा संरक्षण अधिकारी तिचं म्हणणं ऐकून 'घरगुती घटना अहवाल' भरतो, अर्ज मॅजिस्ट्रेटपुढे जातो. साधारणपणे पहिली तारीख 3 दिवसांत आणि निकाल 60 दिवसांत, असं कायदा म्हणतो; प्रत्यक्षात तारखा लांबतात. पण अंतरिम, म्हणजे तात्पुरता, आदेश आधी मिळू शकतो, गरज पडली तर नवऱ्याचं म्हणणं ऐकण्याआधीही. मारू नको, घरातून काढू नको, खर्चाला पैसे दे, मुलं तिच्याकडे राहू देत. घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी तिथे राहण्याचा हक्क ती मागू शकते. आणि संरक्षण आदेश मोडला तर तो गुन्हा: 1 वर्षापर्यंत कैद, 20,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. स्टॅम्पपेपरच्या मागे ही ताकद नाही.

समेट तिथेही होऊ शकतो, पण तिची इच्छा असेल तरच. शिवाय या कायद्याच्या नियमांत एक गोष्ट आहे, ती प्रत्येक पंचाने वाचावी: समुपदेशनात नवऱ्याला मारहाणीचं समर्थन करू द्यायचं नाही, आणि हे त्याला आधीच सांगायचं. आपल्या बैठकीत पहिला प्रश्न कोणता असतो? 'पण बाई, तू काय बोललीस त्याला?' मी बसलो होतो अशा एका बैठकीत. भाजीत मीठ जास्त पडलं होतं की नाही, यावर अर्धा तास गेला. तिच्या सुजलेल्या मनगटाकडे कोणी पाहिलं नाही.

पोलिसांतली फिर्याद, म्हणजे नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेल्या छळाचं कलम (पूर्वी भारतीय दंड संहितेचं 498-अ, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं 85), ही आणखी वेगळी गोष्ट. ती शिक्षेसाठी. ती आणि वरचा अर्ज दोन्ही एकाच वेळी करता येतात.

मग ग्रामपंचायतीने हात झटकायचे का? मुळीच नाही. हिंसेची माहिती संरक्षण अधिकाऱ्याला कोणीही देऊ शकतं: सरपंच, आशाताई, शेजारीण. खऱ्या हेतूने दिली तर देणाऱ्यावर कारवाई होत नाही, हे कायद्यातच आहे. 'आमच्यावर उलटेल' ही भीती इथेच संपायला हवी. महिला ग्रामसभेत हा विषय घ्यावा. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून ती थांबली असेल, तर विधी सेवा प्राधिकरणाकडून कोणत्याही बाईला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो हे तिला सांगावं. तालुक्याला जाताना सोबत कोणीतरी सदस्य द्यावी. ग्रामपंचायतीच्या अर्ध्या जागांवर बायकाच आहेत, आरक्षणामुळे का होईना.

आणि कार्यालयाबाहेरचा फलक. त्यावर करवसुलीची सूचना असते, सदस्यांची नावं असतात. संरक्षण अधिकाऱ्याचं नाव-नंबर, महिला हेल्पलाइनचा 181 आणि तातडीच्या मदतीचा 112 एवढं लिहायला रंगाचा एक छोटा डबा पुरतो.