काढलं तरी परत येतं? घरच्या कॉम्प्युटरवरचं अ‍ॅडवेअर काढण्याचा क्रम

दुरुस्तीला येणाऱ्या कॉम्प्युटरबरोबर एक तक्रार हमखास येते: "मी काढलं होतं हो, दोन दिवसांत परत आलं." ग्राहक खरं तेच सांगत असतो आणि त्याने काढलेलंही बहुतेक वेळा योग्य तेच असतं. फक्त क्रम उलटा झालेला असतो. ब्राउझरमध्ये जाहिरात दिसते म्हणून आपण ब्राउझर साफ करतो, पण ती तिथे आणून टाकणारा प्रोग्रॅम, म्हणजेच अ‍ॅडवेअर, मागे तसाच राहतो. नळ चालू ठेवून फरशी पुसण्यासारखं आहे हे. म्हणून हे माहितीपत्रक आम्ही त्याच क्रमाने लिहिलं आहे, ज्या क्रमाने आम्ही स्वतः काम करतो.

सुरुवातीला एक खात्री करून घ्या. जाहिरात दिसली म्हणजे अ‍ॅडवेअर असतंच असं नाही. ज्या साइटवर त्रास होतो ती दुसऱ्या एखाद्या कॉम्प्युटरवर उघडून पाहा. तिथेही तशाच जाहिराती असतील तर त्या साइटच्याच आहेत. पण फक्त तुमच्याच मशीनवर त्या दिसत असतील, मुख्यपान आपोआप बदललं असेल, किंवा काहीही शोधलं की भलत्याच सर्च इंजिनचं पान उघडत असेल, तर पुढे वाचा.

कोपऱ्यातला संदेश आधी नीट वाचा

आमच्या एका ग्राहक आजींनी दोन दिवस लॅपटॉप उघडलाच नव्हता. उजव्या बाजूला खालच्या कोपऱ्यात दर थोड्या वेळाने लाल ढालीचं चित्र यायचं आणि 'तुमच्या कॉम्प्युटरवर पाच व्हायरस सापडले आहेत' असा मजकूर. आपल्या हातून काहीतरी मोठं बिघडलं, असं त्या धरून बसल्या होत्या. आम्ही तो संदेश त्यांच्यासोबत बसून वाचला. ढालीच्या शेजारी बारीक राखाडी अक्षरात दोन गोष्टी होत्या: क्रोमचं नाव आणि एका अनोळखी साइटचा पत्ता. खऱ्या अँटिव्हायरसच्या इशाऱ्यात साइटचा पत्ता कशाला असेल? कधीतरी एका पानावर 'तुम्ही रोबो नाही हे दाखवण्यासाठी अलाऊ दाबा' असं आलं होतं आणि त्यांनी ते दाबलं होतं. त्या एका बटणाने त्या साइटला सूचना पाठवायची परवानगी मिळाली. मशीनमध्ये ना व्हायरस होता, ना कुठला नवा प्रोग्रॅम.

ही परवानगी काढून घ्यायला पाच मिनिटंही लागत नाहीत. क्रोममध्ये सेटिंग्ज, त्यात प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज आणि नोटिफिकेशन्स असं जा. परवानगी मिळालेल्या साइटची यादी दिसेल. ओळखीची नसेल ती प्रत्येक साइट काढा. तिथेच वरच्या बाजूला, यापुढे कोणत्याही साइटने अशी परवानगी मागूच नये, असाही पर्याय आहे. तो निवडून ठेवा, असं आमचं स्पष्ट मत आहे. एजमध्ये हीच यादी साइट परमिशन्सखाली सापडते. फायरफॉक्समध्ये ती प्रायव्हसी अँड सिक्युरिटीच्या पानावर परमिशन्समध्ये असते.

याच घराण्यातला दुसरा प्रकार म्हणजे अख्खा स्क्रीन व्यापणारं पान. मोठा आवाज येतो, 'कॉम्प्युटर लॉक झाला आहे' असं लिहिलेलं असतं आणि खाली फोन नंबर असतो. त्या नंबरवर कधीही फोन करू नका. कोणतीही खरी कंपनी अशा इशाऱ्यात फोन नंबर देत नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि तिथून ब्राउझर बंद करा. पुन्हा उघडल्यावर 'आधीची पानं परत आणू का' असं विचारलं तर नाही म्हणा. फोन करून झाला असेल आणि समोरच्या माणसाला मशीनचा ताबाही दिला असेल, तर आधी इंटरनेट तोडा, लगेच बँकेला कळवा, आणि मगच आमच्याकडे या.

आता नळ बंद करायचा

सूचनांमुळे त्रास नसेल तर मूळ शोधायला हवं. त्याआधी ब्राउझरचं सिंक, म्हणजे खात्यातून सगळ्या कॉम्प्युटरवर सारखीच माहिती ठेवण्याची सोय, बंद करा. तुमच्या खात्यात नको ते एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्रॅम, साठवलेलं असेल, तर इथे काढलं तरी ते खात्यातून परत उतरतं. घरात त्याच खात्याने उघडलेला दुसरा कॉम्प्युटर असेल तर त्यावरचं सिंकही थांबवा आणि तोही साफ केल्यावरच दोन्हीकडे चालू करा. 'परत आलं' म्हणणाऱ्या अनेकांच्या घरी आम्हाला हेच कारण सापडलं आहे.

मग विंडोजच्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्सची यादी उघडा आणि ती इन्स्टॉल केल्याच्या तारखेनुसार लावा. त्रास साधारण कधी सुरू झाला ते आठवा आणि त्या तारखेच्या आसपास पाहा. अ‍ॅडवेअर सहसा एकटं येत नाही. फुकटचा पीडीएफ कन्व्हर्टर किंवा व्हिडिओ डाउनलोडर घेताना त्याच्याबरोबर तीन-चार पाहुणे घुसतात, म्हणून त्या सगळ्यांची तारीख एकच दिसते. काढताना पडद्यावरचा प्रश्न सावकाश वाचा. 'ठेवा' हे बटण मोठं आणि रंगीत, तर 'काढा' फिकट आणि बारीक, अशी मांडणी मुद्दाम केलेली असते.

पण नाव ओळखीचं नाही म्हणून काहीही काढू नका. व्हिज्युअल सी प्लस प्लस, रियलटेक, इंटेल अशा नावांच्या नोंदी मशीनला लागतात. उत्साहाच्या भरात साउंडचा ड्रायव्हर (आवाजाचा भाग चालवणारा प्रोग्रॅम) उडवून आलेले कॉम्प्युटर आम्ही पाहिले आहेत. शंका असेल तर नोंदीचा फोटो काढून आम्हाला दाखवा.

कोणी हात न लावता ठरावीक वेळाने ब्राउझर उघडून जाहिरात येत असेल, तर ती टास्क शेड्युलरमधली, म्हणजे ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या विंडोजच्या सोयीतली, नोंद असण्याची शक्यता मोठी. तिथे अ‍ॅक्शनच्या रकान्यात थेट एखाद्या साइटचा पत्ता दिसला तर ती नोंद बंद करा. बाकी नोंदींना हात लावू नका, त्यातल्या बहुतेक विंडोजच्या स्वतःच्या असतात. टास्क मॅनेजरमधली स्टार्टअपची, म्हणजे मशीन चालू होताच सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमची, यादीही एकदा नजरेखालून घाला.

यानंतर स्कॅन. विंडोज सिक्युरिटीमध्ये 'अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोल' या भागात रेप्युटेशनवर आधारित संरक्षण आहे. त्यात नको असलेली अ‍ॅप्स अडवण्याची सोय २०२० च्या मे महिन्यातल्या विंडोज १० पासून आली, पण पुष्कळ मशीनवर ती बंदच सापडते. ती चालू करा आणि मग डिफेंडर या विंडोजच्याच अँटिव्हायरसचा ऑफलाइन स्कॅन द्या. मशीन बंद होऊन पुन्हा चालू होईल आणि साधारण पंधरा मिनिटं घेईल, त्यामुळे आधी हातातलं काम सेव्ह करा. जोडीला अ‍ॅडवक्लीनर हे छोटं मोफत साधन आम्ही वापरतो. २०१६ पासून ते मालवेअरबाइट्स या कंपनीकडे आहे. ते कंपनीच्याच साइटवरून घ्या. सर्चमध्ये वर येणाऱ्या जाहिरातीवरून घ्याल तर औषधाच्या नावाखाली रोग घरी आणाल.

मगच ब्राउझर

आता एक्स्टेन्शनची यादी उघडा आणि रोज वापरात नाही ते प्रत्येक एक्स्टेन्शन काढा. 'हे तर मी कित्येक वर्षं वापरतो' हा दाखला पुरेसा नाही. ग्रेट सस्पेंडर हे क्रोमचं लोकप्रिय एक्स्टेन्शन २०२० मध्ये नव्या मालकाकडे गेलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलला ते धोकादायक ठरवून बंद करावं लागलं. वापरणाऱ्यांनी काहीच बदललं नव्हतं.

एखादं एक्स्टेन्शन काढताच येत नसेल आणि क्रोमच्या मेन्यूत सर्वांत खाली 'हा ब्राउझर तुमच्या संस्थेकडून चालवला जातो' अशा अर्थाची ओळ असेल, तर थांबा. घरच्या कॉम्प्युटरवर संस्था कुठून आली? कधी कधी एखादं अँटिव्हायरससुद्धा अशी ओळ आणतं. पण बऱ्याचदा अ‍ॅडवेअरने रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या साठ्यात) नियम लिहून ते एक्स्टेन्शन पक्कं केलेलं असतं. रजिस्ट्री हे घरी प्रयोग करून पाहायचं ठिकाण नाही, ते काम आमच्यावर सोडा.

एक जागा तर जवळजवळ प्रत्येकाच्या नजरेतून सुटते. डेस्कटॉपवरच्या ब्राउझरच्या चिन्हावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि 'टार्गेट' या चौकटीत कर्सर अगदी शेवटपर्यंत न्या. तिथला मजकूर 'क्रोम डॉट ईएक्सई' आणि अवतरणचिन्ह यावर संपायला हवा. त्यापुढे एक जागा सोडून एखाद्या साइटचा पत्ता चिकटवलेला असेल, तर ब्राउझर कितीही साफ करा, त्या चिन्हावरून उघडला की तेच पान येणार. चिकटवलेला भाग पुसून ओके करा. टास्कबारवरचं चिन्ह वेगळं असतं. ते काढून नव्याने लावा.

शेवटी ब्राउझर रीसेट करा. बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड जातील अशी अनेकांना काळजी असते, म्हणून मुद्दाम सांगतो: ते राहतात. क्रोममध्ये एक्स्टेन्शन बंद पडतात आणि कुकीज जातात, त्यामुळे साइटवर पुन्हा लॉगइन करावं लागेल. फायरफॉक्समध्ये याला रिफ्रेश म्हणतात. नंतर डेस्कटॉपवर 'ओल्ड फायरफॉक्स डेटा' असं फोल्डर दिसलं तर दचकू नका, ती जुन्या माहितीची प्रत आहे.

सगळं झालं आणि इंटरनेटच बंद पडलं, असंही होतं. अ‍ॅडवेअर जातं, पण त्याने बसवलेली प्रॉक्सी, म्हणजे इंटरनेटची वाट दुसऱ्या सर्व्हरमार्गे वळवणारी सेटिंग, मागे राहते. नेटवर्कच्या सेटिंग्जमध्ये प्रॉक्सीचं पान उघडून 'प्रॉक्सी सर्व्हर वापरा' हे बंद करा. आणि घरातल्या फोनवरही त्याच जाहिराती दिसत असतील, तर दोष कॉम्प्युटरचा नसून राउटरमधल्या डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या सेटिंगचा, असू शकतो.

मॅकवरही अ‍ॅडवेअर येतं. तिथे अ‍ॅप्लिकेशन्स आणि सफारीची एक्स्टेन्शन यांच्याबरोबर लॉगइन आयटम्स (लॉगइन होताच सुरू होणारे प्रोग्रॅम) आणि प्रोफाइल्स (बाहेरून लादलेल्या सेटिंग्जचे संच) हे दोन भाग तपासा. घरच्या मॅकवर तुम्ही न टाकलेली प्रोफाइल असायचं कारण नाही.

नुसत्या जाहिरातीच तर आहेत, असं म्हणू नका

२०१४ च्या शेवटी विकल्या गेलेल्या लेनोवोच्या काही लॅपटॉपवर सुपरफिश नावाचं अ‍ॅडवेअर कारखान्यातूनच बसवलेलं होतं. सुरक्षित पानांवरही जाहिराती घुसवता याव्यात म्हणून त्याने विंडोजमध्ये स्वतःचं प्रमाणपत्र, म्हणजे साइट खरी आहे हे पटवणारा डिजिटल दाखला, घातलं होतं आणि त्याची गुप्त किल्ली सगळ्या लॅपटॉपवर एकच होती. ती किल्ली हाती आलेला माणूस त्याच वायफायवर बसून बँकेची खोटी साइट खरी म्हणून दाखवू शकला असता. फेब्रुवारी २०१५ मध्ये हे उघड झालं. प्रोग्रॅम काढला तरी ते प्रमाणपत्र मागे राहत होतं, म्हणून कंपनीला ते काढण्याचं वेगळं साधन द्यावं लागलं. म्हणूनच साफसफाईनंतर, आणि नंतरच, ईमेल आणि बँकेचे पासवर्ड बदलायला आम्ही सांगतो.

पुढच्या वेळी काही इन्स्टॉल करताना 'कस्टम' किंवा 'अ‍ॅडव्हान्स्ड' हा मार्ग घ्या. सोबत येणाऱ्या प्रोग्रॅमपुढे आधीच केलेल्या बरोबरच्या (टिकच्या) खुणा तिथेच दिसतात. नामांकित सॉफ्टवेअरही याला अपवाद नाही: जावाच्या इन्स्टॉलरमध्ये आस्क टूलबार या ब्राउझरमधल्या सर्चपट्टीपुढची खूण कित्येक वर्षं आधीच केलेली असायची.

मशीन आमच्याकडे देताना

त्रास देणाऱ्या संदेशाचा मोबाइलवर फोटो काढा, त्यातली बारीक अक्षरं वाचता येतील असा. त्रास कधीपासून आहे आणि त्या सुमारास काय डाउनलोड केलं होतं ते कागदावर लिहून द्या. लाजू नका, आम्हाला शोधायला त्याचीच मदत होते. ईमेल किंवा बँकेचा पासवर्ड आम्हाला देऊ नका, या कामाला तो लागत नाही. आणि कोणी 'फॉर्मॅटच मारावा लागेल' असं सांगितलं असेल तर आधी आम्हाला एकदा पाहू द्या. अ‍ॅडवेअरसाठी ती वेळ क्वचितच येते, आणि फॉर्मॅट न करता काम झालं तर तुमचे फोटो आणि कागदपत्रं आहेत तिथेच राहतात.