एक गाव, दोन पाणवठे: ग्रामीण साहित्य आणि दलित साहित्य

पुण्यात आप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानात ग्रामीण साहित्यातलं ‘झोंबी’ मागायला जा, दलित साहित्यातलं ‘बलुतं’ बहुतेक त्याच कप्प्यात सापडेल. यूपीएससीला मराठी साहित्य घेतलेली पोरंही दोन्हींच्या नोट्स एकाच वहीत काढतात. गाव, गरिबी, बोली, आत्मकथन, संपला विषय. गोंधळ व्हावा इतकं सारखेपण आहे खरं. दोन्हीकडे पोरं उपाशी झोपतात, शाळेसाठी झगडतात, आणि दोन्हींनी सदाशिव पेठी मराठीला बाजूला सारून घरची बोली छापायला लावली. पण बोलीवरून किंवा दारिद्र्यावरून फरक ओळखायला गेलात तर फसाल. मी पाणी बघायला सांगेन.

ग्रामीण साहित्यात पाण्याची अडचण आभाळातून येते. पाऊस दगा देतो, विहीर तळ गाठते, पीक करपतं, मग सावकार आलाच. दलित साहित्यात विहीर भरलेली असते आणि घागर रिकामी. काठावर उभं राहून कुणाला तरी दया येईपर्यंत थांबायचं, ओंजळीत वरून धार पडली तर प्यायचं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला महाराष्ट्र दुष्काळात होरपळत असताना पुण्याचे बाबा आढाव ‘एक गाव एक पाणवठा’ म्हणत गावोगाव फिरले. दुष्काळ सगळ्या गावावर पडला होता, तरी पाणवठे वेगळेच होते. म्हणून तर ही मोहीम काढावी लागली.

आता पुस्तकं घ्या. आनंद यादव कागलचे, पुढे पुणे विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक झाले. त्यांच्या ‘झोंबी’ला (१९८७) १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यातला बाप पोराला शाळेतून काढून शेतात जुंपतो, कारण हात कमी आणि तोंडं जास्त. पोराची झोंबी आहे ती बापाशी, भुकेशी, दुसऱ्याच्या जमिनीवर राबण्याशी. वाचताना घशाशी येतं. पण त्या पोराच्या सावलीचा कुणाला विटाळ होत नाही. तो शिकला की वाट मोकळी होत जाते.

दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) शिकल्यानं प्रश्न सुटत नाही, उलट चिघळतो. पुस्तकाची मांडणीच बघा. दगडू मारुती पवार आपली हकिकत दया पवारला सांगतोय, म्हणजे एकाच माणसाचे दोन तुकडे समोरासमोर बसलेत आणि शिकलेल्याला दुसऱ्याची ओळख नकोशी झालीय. मेलेलं ढोर ओढायचं, मयताचा सांगावा घेऊन रानोमाळ पळायचं आणि बदल्यात सुगीला धान्याचा वाटा मागायला जायचं, हे काम जन्मानं लागलेलं आहे. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या कथेतला नायक तर रेल्वेत नोकरीला लागलेला. खिशात पगार आहे, तरी भाड्याच्या खोलीसाठी जात लपवावी लागते, आणि ती उघडी पडल्यावर मार बसतो. वर्ग बदलला, जात मागोमाग शहरात आली. म्हणूनच दलित साहित्याला गाव लागतंच असं नाही. नामदेव ढसाळ पुणे जिल्ह्यात खेडकडे जन्मले, पण त्यांचा ‘गोलपिठा’ (१९७२) हा कवितासंग्रह मुंबईचा आहे.

मग गावाबद्दल आस्थेनं लिहिणाऱ्या इतरांचं काय? व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’मधला धर्मा रामोशी आठवा. लेखक त्याला नेसायला आपलं धोतर देतो आणि नंतर ते धोतर त्याच्या लेकीच्या अंगावर दिसतं. मराठीत गरिबीवर इतकं कमी शब्दांत फार थोड्यांनी लिहिलंय. माझ्या मते ती कणव अस्सल आहे. तरीही गोष्ट दिसते ती धोतर देणाऱ्याला. त्या लेकीनं ती सांगितली असती तर सुरुवात कदाचित धोतर मिळण्याच्या आधीच झाली असती.

दोन्ही धारांची मुळं पुण्यातच सापडतात. जोतीराव फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) कुणब्याची लूट मांडतो. त्याच्या कितीतरी आधी, १८५५ मध्ये, फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीचा निबंध ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. पेशवाईत गुलटेकडीच्या मैदानात मांग-महारांच्या मुंडक्यांचा चेंडू करून खेळत, असं ती लिहिते. आज तिथे मार्केट यार्डाचे ट्रक लागतात. त्याच निबंधात छप्पर नसलेल्या घरात बाळंत होणाऱ्या बायकाही आहेत. जात, गरिबी आणि बाईपण, तिन्ही एका शाळकरी मुलीनं एकत्र पकडलं होतं.

वंशभेदाशी तुलना नेहमी होते, आणि ती उपरी नाही. जोतीरावांची ‘गुलामगिरी’ (१८७३) गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकनांना अर्पण केलेली आहे, आणि दलित पँथर या संघटनेनं (१९७२) नाव अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथरवरून घेतलं. फरक असा की कातडीचा रंग सहसा लपवता येत नाही. जात लपवता येते. त्यामुळे आडनाव विचारलं जाण्याची धास्ती, हा मराठी दलित गद्याचा अगदी स्वतःचा विषय आहे.

अण्णा भाऊ साठे मात्र या कप्प्यांना जुमानत नाहीत. ‘फकिरा’ या त्यांच्या कादंबरीत (१९५९) दुष्काळ आहे, गावाचा अभिमान आहे, मांगांचा विद्रोह आहे, आणि पुस्तक बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण आहे. कुठल्याही एकाच यादीत त्यांना कोंबू नका.

आणि बायका? इथे दोन्हीकडचे पुरुष लेखक थोडे उघडे पडतात. बेबीताई कांबळेंचं ‘जिणं आमुचं’ आधी ‘स्त्री’ मासिकातून आलं, १९८६ मध्ये पुस्तक झालं. त्यात महार बाई बामणाच्या घरी सरपणाची मोळी घेऊन जाते तेव्हा घरची बाई तिला लाकडात केस किंवा दोरा अडकलेला नाही ना, हे बघायला लावते. नाहीतर घर बाटेल. एवढ्यावर बेबीताई थांबत नाहीत. महारवाड्यातल्या पळून जाऊ पाहणाऱ्या सुनांच्या पायात त्यांचेच घरवाले लाकडाचा खोडा अडकवत, हेही त्या तितक्याच रोखठोकपणे लिहितात. त्यांना हे लिखाण नवऱ्यापासून लपवून करावं लागलं. ग्रामीण बाजूला याच्या तोडीचं बाईनं स्वतः लिहिलेलं काही मागितलं तर पहिलं नाव बहिणाबाई चौधरींचं येतं. त्या निरक्षर होत्या. ओव्या मुलानं उतरवून ठेवल्या आणि पुस्तक निघालं १९५२ मध्ये, त्या गेल्यानंतर. ‘झोंबी’तली बाळंतपणांनी पिचलेली आईही आपल्याला लेकाच्या तोंडूनच कळते.