स्वभक्षण-उत्तेजक औषधे आणि अर्बुदपेशींचा तग

पेशी स्वतःचेच जीर्ण किंवा अतिरिक्त घटक दुहेरी पटलाच्या पिशवीत गुंडाळते, ती पिशवी लयकारिकेपर्यंत (लायसोसोम, पेशीतील पचनाची पिशवी) नेते आणि तेथील विकरांकरवी ऐवजाचे विघटन करून मिळालेली ॲमिनो आम्ले व मेदाम्ले पुन्हा वापरते. या प्रक्रियेस स्वभक्षण किंवा ऑटोफॅजी म्हणतात. ही प्रक्रिया वाढवणारी औषधे ताणाखालील अर्बुदपेशीला (कर्करोगाच्या गाठीतील पेशीला) मारतात की तारतात, या प्रश्नाचे उत्तर अर्बुदाची अवस्था, औषधाची मात्रा आणि सोबतचे उपचार यांनुसार बदलते.

‘ऑटोफॅजी’ ही संज्ञा बेल्जियन शास्त्रज्ञ क्रिस्तियाँ द द्यूव यांनी १९६३ मध्ये रूढ केली. तिची जनुकीय यंत्रणा उलगडली ती जपानच्या योशिनोरी ओसुमी यांनी, तीही यीस्टवर. त्यासाठी त्यांना २०१६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. नाशिक परिसरातील वाइनरींच्या टाक्यांत द्राक्षरस आंबवणारी सॅकरोमायसीज सेरेव्हिसी हीच ती यीस्टची जाती. प्रथिने तोडणारे विकर नसलेले यीस्ट ओसुमींनी नायट्रोजनविना उपाशी ठेवले, तेव्हा काही तासांतच त्याच्या रिक्तिकेत (यीस्टमध्ये लयकारिकेचे काम करणाऱ्या पोकळीत) न पचलेल्या गोल पिशव्या साचून हलताना साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या.

‘ताण’ हा शब्द नाशिक जिल्ह्यात प्रयोगशाळेपेक्षा बागेत अधिक ऐकू येतो. सटाणा-मालेगाव पट्ट्यातील डाळिंब उत्पादक बहार धरण्याआधी पाणी तोडून बागेला ताण देतात. पाने पिवळी पडून गळतात आणि झाड तगून राहते. वनस्पतींमध्ये पिवळ्या पडणाऱ्या पानांतील प्रथिने मोडून त्यांतला नायट्रोजन इतर भागांकडे वळवला जातो आणि या मोडणीत स्वभक्षणाचाही वाटा असतो. ताण किती दिवसांचा, हे जमिनीवर ठरते. हलक्या जमिनीत कमी, भारी जमिनीत जास्त. प्रमाण चुकले तर बहार येत नाही किंवा झाडच खचते. अर्बुदपेशीच्या बाबतीतही मात्रेचा प्रश्न असाच नाजूक आहे, मात्र येथे पेशी तगून राहणे हेच दुखणे असते.

पेशीत अन्न मुबलक असताना एमटॉर हे प्रथिन स्वभक्षण दाबून ठेवते. ऊर्जा घटली की एएमपीके हे प्रथिन जागे होते आणि यूएलके-१ या दुसऱ्या प्रथिनामार्फत प्रक्रिया सुरू करते. बहुतेक उत्तेजक औषधे या दोन कळांपैकी एक दाबतात. रॅपामायसीन एमटॉरला अडवते. ईस्टर बेटाच्या मातीतील जिवाणूपासून मिळालेल्या या द्रव्याची माहिती भारतीय वंशाचे संशोधक सुरेन सेहगल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केली. त्याच कुळातील टेम्सिरोलिमस (२००७) आणि एव्हरोलिमस (२००९) यांना अमेरिकेत मूत्रपिंडाच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. मधुमेहाची नेहमीची गोळी मेटफॉर्मिन एएमपीकेच्या बाजूने काम करते. मेंदूच्या अर्बुदावरील टेमोझोलोमाइडसारखी औषधे डीएनएला इजा करतात आणि त्या इजेपाठोपाठ स्वभक्षण वाढते.

वाढलेल्या अर्बुदाच्या आतल्या पेशी रक्तवाहिन्यांपासून दूर असतात. तेथे प्राणवायू आणि ग्लुकोज दोन्ही तुटपुंजे. अशा पेशीत स्वभक्षण वाढले तर ती घरातलेच सामान मोडून चूल पेटती ठेवते, बिघडलेल्या तंतुकणिका (पेशीतील ऊर्जा तयार करणारे घटक) काढून टाकून घातक ऑक्सिजन-संयुगांचा मारा कमी करते आणि औषधाच्या पहिल्या तडाख्यातून निभावते. एमटॉर-रोधक औषधांनी अर्बुद बरेचदा थबकते, नाहीसे होत नाही, यामागचे एक कारण हेही मानले जाते. उलट, अर्बुद होण्यापूर्वीच्या पेशीत हीच सफाई संरक्षक ठरते : बेक्लिन-१ या स्वभक्षण-जनुकाची एकच प्रत असलेल्या उंदरांमध्ये आपोआप अर्बुदे उद्भवतात, हे २००३ मध्ये दाखवले गेले. शिवाय केमोथेरपीने मरणाऱ्या पेशीतून एटीपी हा ऊर्जावाहक रेणू बाहेर पडून प्रतिकारयंत्रणेला खबर लागावी, यालाही स्वभक्षण साहाय्य करते. त्यामुळे ते सरसकट शत्रू ठरवणे घाईचे होईल.

प्रयोगांचे निष्कर्ष वाचताना एक सापळा ध्यानात ठेवावा लागतो. स्वभक्षणाच्या पिशव्यांवर बसणाऱ्या एलसी-३ या प्रथिनाचे ठिपके पेशीत वाढले की स्वभक्षण वाढले, असे सर्रास लिहिले जाते. गल्लीच्या तोंडाशी कचऱ्याच्या पिशव्या वाढल्या, तर लोक जास्त कचरा काढत असतील किंवा घंटागाडीच आली नसेल. नुसत्या ढिगावरून दोन्हींतले काय घडले ते कळत नाही. म्हणून बॅफिलोमायसीनने लयकारिकेचे काम मुद्दाम थांबवून ठिपके आणखी वाढतात का, हे पाहावे लागते. तसेच, मरणाऱ्या पेशीत स्वभक्षण दिसले एवढ्यावरून मरण त्यामुळेच आले असे ठरत नाही. बहुतेक वेळा ते मरण टाळण्याची शेवटची धडपड असते. खरा निवाडा संबंधित जनुक बंद करून पेशी जगते का, यावर होतो.

एकादशीच्या उपवासाने ‘ऑटोफॅजी होऊन कर्करोग विरघळतो’ असे संदेश फोनवर फिरतात. साबुदाण्याच्या खिचडीने इन्सुलिन वाढते आणि एमटॉर जागाच राहतो, ही त्यातली किरकोळ गंमत. गंभीर बाब ही, की कर्करोगाच्या रुग्णात वजन व स्नायू घटणे हेच धोक्याचे असते आणि उपाशी पेशीचा तग वाढण्याची शक्यता वरच सांगितली आहे. रॅपामायसीन प्रत्यारोपणात प्रतिकारशक्ती दाबण्यासाठी वापरतात, त्यामुळे तेही स्वतःच्या मनाने घेण्याजोगे औषध नव्हे.

उत्तेजक औषधाने अर्बुदपेशी स्वभक्षणावर अवलंबून राहू लागली, की तीच वाट अडवावी, हा विचार यातूनच पुढे आला. क्लोरोक्विन व हायड्रॉक्सिक्लोरोक्विन लयकारिकेतील आम्लता घटवतात, त्यामुळे गुंडाळलेला माल पचत नाही. इमॅटिनिब या कर्करोगावरील औषधाने रक्ताच्या कर्करोगातील पेशींत स्वभक्षण वाढते आणि सोबत क्लोरोक्विन दिल्यास प्रयोगशाळेत अधिक पेशी मरतात, असे आढळले आहे. रुग्णांवरील चाचण्यांत मात्र परिणाम संमिश्र राहिले. अर्बुदाच्या आत लयकारिका खरोखर थांबण्याइतकी मात्रा पोहोचवणे अवघड जाते आणि मात्रा चढवत नेली तर डोळ्यांचा पडदा व हृदयाची लय यांना धोका संभवतो.