शेव्हरोलेचा निळा बिल्ला आणि पिवळा बल्ब

1928 साली जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला शेव्हरोले गाड्यांची जुळणी सुरू केली. त्या काळच्या शेव्हरोलेच्या रेडिएटरवर, वरच्या बाजूला मधोमध, बो-टायच्या आकाराचा निळा बिल्ला असे. गॅरेजच्या भाषेत मोनोग्राम. जुन्या गाड्यांच्या शौकिनांना आजही सगळ्यात जास्त कोण छळत असेल, तर तो हा बिल्ला. अख्खी गाडी रंगवून मिळते, पण याच्यावरचा मुगाएवढा टवका धड भरून मिळत नाही. दुपारी अंगणात पाहावं तर रंग अगदी चपखल बसलेला असतो. संध्याकाळी पोर्चमधला जुना पिवळा बल्ब लावला, की भरलेला ठिपका हिरवट-काळपट होऊन वेगळा उठून दिसतो.

यात पेंटरची चूक क्वचितच असते. मुळात तो निळा रंग पेंट नाहीच, ती काच आहे. दागिन्यांवर मीनाकाम करतात तेच तंत्र इथे वापरलेलं असतं. तांब्या-पितळेच्या पत्र्यावर ठसा मारून खळगे करायचे, त्यात रंगीत काचेची पूड भरायची आणि साधारण 800 अंश सेल्सियसच्या भट्टीत घालायचं. पूड वितळते, धातूला घट्ट धरते, मग घासून सपाट करायची. काचेला निळा रंग आणण्याचा शतकानुशतकांचा मार्ग म्हणजे कोबाल्ट. तो उन्हाने विटत नाही. फक्त खडा लागला किंवा पत्रा वाकला, की काचेचा टवका उडतो.

आता पेंटरच्या डब्यातला निळा बघू. आजच्या बहुतेक निळ्या पेंटमध्ये थॅलोसायनिन नावाचं रंगद्रव्य असतं, आणि त्याची जन्मकथा या विषयाला फारच शोभणारी आहे. स्कॉटलंडमधल्या ग्रेंजमाउथच्या रंग-कारखान्यात एका भांड्याच्या आतला काचेचा लेप तडकला. उघडं पडलेलं लोखंड आतल्या रसायनाला भिडलं आणि अनपेक्षितपणे निळसर पदार्थ तयार झाला. सालही 1928 च. त्याचं तांबंयुक्त भावंड 1935 मध्ये बाजारात आलं आणि त्याने जगभरचा निळा रंग काबीज केला. म्हणजे टवका उडालेल्या काचेतून जन्मलेला रंग आज आपण टवका उडालेल्या काचेत भरू पाहतो!

दोन्ही निळेच, पण त्यांचे हिशोब वेगळे. कोबाल्टची काच पिवळा, नारिंगी आणि बराचसा लाल प्रकाश गिळते, मात्र अगदी टोकाचा गडद लाल सोडून देते. थॅलोसायनिन तो लालही बऱ्याच अंशी गिळतं आणि त्याऐवजी थोडा हिरवा परत पाठवतं. आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशींचे प्रकार तीनच. परत आलेल्या प्रकाशात कुठली तरंगलांबी किती, हे त्यांना कळत नाही, त्यांना कळते ती तीन बेरजा. दुपारच्या उजेडात दोन्ही निळ्यांच्या बेरजा सारख्या येतात, म्हणून मेंदू म्हणतो, रंग एकच. तारेच्या बल्बमध्ये लाल प्रकाश भरपूर आणि निळा कमी असतो. त्यात कोबाल्ट जांभळ्याकडे झुकतो, थॅलोसायनिन हिरवट-काळं होतं, आणि सोंग उघडं पडतं. मॅचिंग सेंटरमध्ये ब्लाउजपीस हातात घेऊन बायका दुकानाच्या दारापर्यंत उजेडात जातात, त्या याच कारणाने.

स्वस्त एलईडीच्या प्रकाशात तो टोकाचा लाल फारसा नसतोच, त्यामुळे तिथे हा फरक पुन्हा बराचसा लपतो. म्हणून जुळणी एकाच दिव्याखाली तपासून पास करणं मला पटत नाही. ऊन, पिवळा बल्ब आणि एलईडी, तिन्हींखाली पाहायला पाच मिनिटंही लागत नाहीत. पेंटच्या दुकानातलं रंग मोजणारं यंत्र इथे सहसा उपयोगी पडत नाही. त्याला काही मिलिमीटरची सपाट जागा लागते, आणि मोनोग्रामचा खळगा त्याहून अरुंद, वर बाजूच्या क्रोमची चकाकी.

खरा उपाय आहे तो रंगद्रव्यच जुळवण्याचा. चित्रकारांच्या सामानात कोबाल्ट ब्लू मिळतो. त्यात आणि निळ्या काचेत कोबाल्टच्या अणूभोवती ऑक्सिजनच्या चार अणूंचीच मांडणी असते, त्यामुळे दोघं प्रकाश जवळपास सारखाच गिळतात. ही पूड पारदर्शक इपॉक्सी गोंदात मिसळायची. टवक्यात उघड्या पडलेल्या तांब्यावरचा हिरवा गंज सुईने खरवडायचा, स्पिरिटने पुसायचं, आणि त्याच सुईच्या टोकाने थेंब सोडायचा. थेंब आपोआप कडांकडे ओढला जातो आणि काचेच्या भिंतीवर किंचित चढतो. इपॉक्सी आणि काच प्रकाशाला जवळजवळ सारखंच वाकवतात, म्हणून सांधा दिसेनासा होतो. वर आलेला फुगवटा वॉटर पेपरने घासायचा मोह आवरावा. त्या कागदावरचं सिलिकॉन कार्बाइड काचेपेक्षा कठीण असतं, शेजारची शंभर वर्षांची चकाकी दोन हातांत जाते. धारदार पात्याने तासलेलं बरं.

मूळ मीना आरपार दिसणारा असेल तर जाडीही सांभाळावी लागते. प्रकाश आत जातो, धातूवरून उलटतो आणि पुन्हा त्याच काचेतून बाहेर येतो. एका थरातून निम्मा प्रकाश पार होत असेल, तर दुप्पट जाडीतून पाव. तेव्हा नमुना कागदावर फासून बघण्यात अर्थ नाही, तांब्याच्या पत्र्यावर तेवढ्याच जाडीचा थेंब घालून बघावा.

पुढच्या काळातले मोनोग्राम जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचे, क्रोम केलेले आणि खळग्यात खराखुरा पेंट भरलेले. त्यांचं काम सोपं. बारीक ब्रशने भरायचं, क्रोमवर सांडलेला पेंट ओला असतानाच पुसायचा. क्रोमचा थर मायक्रॉनच्या अर्ध्याहूनही पातळ असतो, तेव्हा खरखरीत पॉलिश टाळावं. या मोनोग्राममध्ये भरलेला लाल पेंट मात्र उन्हाने हमखास उडतो. मूळ छटा हवी असेल तर पट्टीखाली किंवा कडेच्या आत, जिथे ऊन पोचलं नाही, तिथे शोधावी. पण एकच खळगा भरायचा असेल तर मी विटलेल्या शेजाऱ्यांशीच जुळवीन. मूळ छटेचा ताजा लाल त्यात नकली दातासारखा दिसतो.

पन्नासच्या दशकातल्या अमेरिकन गाड्यांचे अ‍ॅक्रिलिकचे बिल्ले मागून रंगवलेले असतात, म्हणजे समोरून आधी दिसणारी अक्षरं आधी, पार्श्वभूमी नंतर. जुनं प्लास्टिक पिवळटलेलं असेल तर ते गाळणीचं काम करतं, रंग त्याच्या आडूनच तपासावा. आणि थिनर त्याच्या जवळपासही आणू नये. अ‍ॅक्रिलिकला बारीक भेगा पडतात, आणि त्या भरून निघत नाहीत.