हूक कधी सुटावा?

जयगडला कोळसा घेऊन येणाऱ्या बहुतेक नव्या जहाजांच्या मागच्या टोकाला जहाज बुडताना जीव वाचवायची एक नारिंगी, बंदिस्त होडी तिरकी ठेवलेली दिसते. माणसं आत पट्टे आवळून बसली आणि खटका सोडला, की ती घसरून थेट पाण्यात सूर मारते. मला जास्त कुतूहल आहे ते टँकरच्या किंवा प्रवासी जहाजाच्या कुशीला दोन तारांवर टांगलेल्या होडीचं. तिथे सगळा जीव दोन हुकांवर असतो.

रहाटावर पाणी शेंदलेल्या माणसाला यातली मेख चटकन कळेल. कळशी पाण्याला टेकली की दोर सैल पडतो, आणि फास ढिला असेल तर कळशी तळाला जाते. जुने हूक याच हिशेबाने चालत: भार उतरला की मगच सुटायचे. शांत विहिरीत हे ठीक. खवळलेल्या समुद्रात होडी लाटेवर उचलली जाते, क्षणात खाली आदळते आणि तारा पुन्हा ताठ होतात. 27 मार्च 1980 रोजी उत्तर समुद्रात ‘अलेक्झांडर कीलँड’ हा तेलक्षेत्रातल्या कामगारांचा तरंगता फलाट उलटला आणि 123 माणसं गेली. उतरवलेल्या चार होड्यांपैकी तारांतून एकच सुटू शकली.

म्हणून 1 जुलै 1986 पासूनच्या नव्या जहाजांवर भार असतानाही सुटणारा हूक सक्तीचा झाला. झालं भलतंच. आता होड्या नको तेव्हा सुटू लागल्या, तेही सरावाच्या वेळी, माणसं आत असताना. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास विभागाने 2001 मध्ये दहा वर्षांचा आढावा घेतला, तेव्हा होड्यांच्या अपघातांत 12 खलाशी गेल्याचं दिसलं. एकच हूक सुटला तर होडी उभी लटकते. आतल्या माणसांचं काय होत असेल ते वेगळं सांगायला नको.

दोष रचनेत होता. कित्येक हुकांत होडीचं वजनच हूक उघडायला बघायचं आणि एक छोटा कॅम, म्हणजे फिरवून अडकवायचा धातूचा तुकडा, त्याला अडवून धरायचा. कॅम किंचित झिजला, किंवा मागच्या वेळी नीट बसवला गेला नाही, तर तो निसटायचा. 2011 मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने नियम बदलले. आता हुकाची रचना अशी लागते की वजनाने तो स्वतःहून उघडू नये. ज्यांचे हूक या कसोटीला उतरले नाहीत, त्या जुन्या जहाजांना ते 1 जुलै 2019 पर्यंत बदलावे लागले. शिवाय होडीच्या तळाला पाण्याचा दाब ओळखणारी कुलूपयंत्रणा असते. होडी तरंगू लागली की दाबाने पडदा वर ढकलला जातो आणि मगच सोडायचा दांडा मोकळा होतो. कुलूप अडलंच तर ते डावलायची सोयही असते, पण काचेमागे, मुद्दाम हात घालून काच फोडावी लागेल अशी.

होडी खाली जाते ती गुरुत्वाकर्षणाने, मोटरने नाही, कारण बुडत्या जहाजावर वीज असेलच असं नाही. मात्र ब्रेकचा दांडा जड वजनाचा असतो: उचलून धरला तरच तार सुटते, हात काढला की ब्रेक आपोआप लागतो. आणि घाबरून कुणी दांडा पूर्ण उचलला तरी दुसरा ब्रेक आहेच. तार गुंडाळलेला ड्रम जोरात फिरू लागला की त्यातले जोडे, म्हणजे ब्रेकचे घासणारे तुकडे, बाहेर फेकले जातात आणि भोवतालच्या भिंतीला घासून वेग आवरतात. जत्रेतला चक्री पाळणा फिरताना बसलेली माणसं जशी बाहेर जातात, तसंच.

राहिल्या तारा. खाऱ्या हवेत घराच्या खिडकीचे गजसुद्धा टिकत नाहीत हे किनाऱ्यावर कुणाला सांगायला नको. तारेचं तर आणखी वाईट: बाहेरून ग्रीस चकाकतं आणि गंज आत, कप्पीवरून वाकणाऱ्या भागात, धरलेला असतो. म्हणून ती चांगली दिसली तरी 5 वर्षांच्या आत बदलावीच लागते.