पोटरीतला गोळा आणि मिठावरचा आळ

खारघरला माझा एक धावणारा मित्र राहतो. वय ४६, काम दिवसभर खुर्चीतलं आणि नावावर चार पूर्ण मॅरेथॉन. चारही वेळा एकच प्रकार झाला. तीस ते पस्तीस किलोमीटरच्या मध्ये कुठेतरी डाव्या पोटरीत गोळा आला आणि उरलेलं अंतर त्याने लंगडत कापलं. त्याची आई याला ‘वांब आला’ म्हणते, डॉक्टर पेटका म्हणतात, आमचा रविवारचा गट ‘क्रॅम्प’ म्हणतो. शब्द वेगळे असले तरी निदान सगळ्यांचं एकच होतं: मीठ कमी पडतंय तुला.

मग त्याने मीठ वाढवलं. मिठाच्या गोळ्या, ओआरएसची पाकिटं, नारळपाणी, रात्री मॅग्नेशियम, पहाटे दोन केळी. पाचव्या मॅरेथॉनला त्याचा कमरेचा पट्टा किराणा दुकानासारखा दिसत होता. गोळा आलाच, आणि तोही डाव्याच पोटरीत.

त्यानंतरच्या एका रविवारी पाम बीच रोडवरचा लांब पल्ला संपवून आम्ही नेरूळला चहा पीत होतो. मी जीवशास्त्र शिकवतो आणि धावतो हौसेने, त्यामुळे प्रश्न विचारायची खोड जुनी. म्हटलं, “अरे, रक्त तर दोन्ही पायांत एकच फिरतं. सोडियम कमी पडलं असेल तर उजव्या पोटरीने काय पुण्य केलंय?” तो हसला नाही. पाच मॅरेथॉन घालवलेला माणूस अशा विनोदाला हसत नाही. पण तपास तिथून सुरू झाला.

मिठावरचा हा आळ जुना आहे आणि अगदी निराधारही नाही. १९२३ मध्ये ब्रिटनमध्ये के. एन. मॉस यांनी कोळशाच्या खाणीतल्या कामगारांचा अभ्यास केला. तापलेल्या खाणीत तासन्‌तास घाम गाळून, वर पोटभर साधं पाणी पिणाऱ्या या माणसांना भयंकर पेटके येत. पाण्यात मीठ घालून दिल्यावर त्रास कमी झाला. पुढे १९३० च्या दशकात अमेरिकेत हूवर धरणाचं काम चालू असताना हार्वर्डच्या संशोधकांनी तिथल्या कामगारांमध्ये हेच पाहिलं. वाळवंटातली उष्णता, दिवसभराचे कष्ट, बादल्यांनी पाणी. शरीरातलं मीठ खरोखरच घटत होतं.

पण त्या कामगारांचे पेटके कसे होते? हात, पाय, पोट, सगळीकडे फिरणारे. माझ्या मित्राचा गोळा पत्ता लिहून पाठवलेल्या पत्रासारखा दरवेळी एकाच ठिकाणी पोचत होता. ‘पेटका’ हा शब्द दोन्हीकडे वापरला गेला आणि खाणीतलं उत्तर मॅरेथॉनला जसंच्या तसं चिकटलं.

घामाचं गणितही आपल्याला वाटतं त्याच्या उलट चालतं. रक्तात सोडियम प्रति लिटर १३५ ते १४५ मिलिमोल असतं. घामात माणसागणिक फार फरक असतो, पण साधारणपणे २० ते ८०. म्हणजे घाम रक्तापेक्षा पातळ. पातळ द्रव बाहेर गेला की मागे राहतं ते दाटच होतं. नुसता घाम गाळला तर रक्तातल्या सोडियमचं प्रमाण घटत नाही, किंचित वाढतं. ते घटतं घामाच्या जागी ढसाढसा साधं पाणी ओतल्यावर. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्के जणांचं सोडियम १३५ किंवा त्याखाली आढळलं, आणि त्यातल्या बहुतेकांनी शर्यतीत गरजेपेक्षा जास्त द्रव पोटात ढकललेला होता. हा प्रकार जिवावर बेतू शकतो. “प्रत्येक स्टॉलवर पाणी प्याच” असं नवख्यांना बजावणारे आमच्या गटातले ज्येष्ठ त्यामुळे मला थोडे धोकादायक वाटतात.

मग गोळा आलेल्यांच्या रक्तात नेमकं काय दिसतं? दक्षिण आफ्रिकेतले क्रीडावैद्यक संशोधक मार्टिन श्वेल्नस यांनी हा प्रश्न वर्षानुवर्षं लावून धरला. २०११ मध्ये त्यांच्या गटाने २१० आयर्नमॅन ट्रायथलॉनपटूंचा (एकाच दिवशी पोहणं, सायकल आणि वर मॅरेथॉन करणाऱ्यांचा) अभ्यास प्रसिद्ध केला. पेटके आलेले आणि न आलेले यांच्यात शरीरातलं पाणी किती घटलं किंवा सोडियम किती बदललं यावरून फरक करता आला नाही. फरक दिसला तो दोन गोष्टींत. गोळा आलेले लोक आपल्या तयारीच्या मानाने जास्त वेगाने गेले होते, आणि त्यांना पूर्वीही गोळे आलेले होते. दुसऱ्या एका प्रयोगात स्वयंसेवकांना घाम गाळायला लावून वजन पाच टक्क्यांनी घटेपर्यंत सुकवलं आणि विजेच्या सूक्ष्म धक्क्यांनी पायाच्या अंगठ्याच्या स्नायूत मुद्दाम पेटका आणला. सुकलेल्या शरीरात पेटका लवकर यायला हवा होता. तसं काही झालं नाही.

श्वेल्नस यांनी १९९७ मध्येच वेगळी कल्पना मांडली होती: बिघाड स्नायूच्या हुकूमव्यवस्थेत आहे. स्नायू स्वतःहून आखडत नाही. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूमधल्या चेतापेशी त्याला तसा हुकूम देतात. या पेशींना खालून सतत दोन प्रकारची खबर येत असते. स्नायूच्या आत मसल स्पिंडल नावाचे बारीक संवेदक असतात. स्नायू ताणला गेला की ते ‘आखड, आखड’ म्हणून ओरडतात. आणि स्नायू जिथे दोरीसारख्या कंडरेला जोडला जातो तिथे गॉल्जी टेंडन ऑर्गन असतात (कॅमिलो गॉल्जी, १९०६ चे नोबेल मानकरी, त्यांच्या नावाने). त्यांच्यावर ओढ वाढली की ते ‘पुरे, सोड’ म्हणतात. एक ॲक्सिलरेटर, दुसरा ब्रेक. स्नायू फार थकला की स्पिंडलचा आवाज चढतो आणि गॉल्जीचा आवाज बसतो. चेतापेशी एकामागून एक हुकूम सोडत राहते आणि पोटरीत लिंबाएवढी गाठ उभी राहते.

पेटका आलेल्या स्नायूवर इलेक्ट्रोड लावले तर विद्युत गोंगाट ऐकू येतो, म्हणजे हुकूम खरोखरच येत असतात. स्नायू आणि मज्जारज्जू यांच्यातली नस भूल देऊन मध्येच बंद केली तरी पेटका आणता येतो, पण त्याला जास्त जोराची चिथावणी लागते आणि तो टिकतही नाही. मज्जारज्जूचा हात असल्याशिवाय असं होणार नाही. आणि गोळा आला की आपण काय करतो? कुणीतरी पायाचा पंजा धरून नडगीकडे दाबतं. पोटरी ताणली जाते, कंडरेवर ओढ बसते, गॉल्जीचा ब्रेक लागतो आणि गोळा सुटतो. गेलेलं मीठ दहा सेकंदांत परत आलेलं नसतं.

या सगळ्यात मला सर्वांत आवडणारा प्रयोग लोणच्याच्या खाराचा आहे. अमेरिकेत खेळाडू काकडीच्या लोणच्याचं आंबट-खारट पाणी पितात आणि गोळा लगेच गेला असं सांगतात. २०१० मध्ये केविन मिलर आणि सहकाऱ्यांनी हे तपासून पाहिलं. अंगठ्यात पेटका आणला आणि वजनाच्या दर किलोला एक मिलिलिटर या हिशेबाने खार पाजला. पाणी प्यायल्यावर लागला त्यापेक्षा सरासरी ४९ सेकंद लवकर, साधारण दीड मिनिटात पेटका सुटला. एवढ्या वेळात खारातलं मीठ पोटातून रक्तात पोचतच नाही. रक्त तपासलं तेव्हा त्यात काही बदलही नव्हता. मग काम कुणी केलं? घशाने, असा संशोधकांचा अंदाज आहे. तोंडात आणि घशात झणझणीत-आंबट ओळखणारे आयन चॅनल, म्हणजे चेतापेशींच्या आवरणातली बारीक दारं, असतात. त्यांना जोराचा चटका बसला की मज्जातंतूंमार्फत एक प्रतिक्षिप्त संदेश जातो आणि भडकलेल्या चेतापेशी शांत होतात.

रॉडरिक मॅकिनन यांना आयन चॅनलच्या रचनेसाठी २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. समुद्रात कयाक वल्हवताना त्यांना स्वतःला पेटके आले तेव्हा त्यांनी आणि हार्वर्डच्या ब्रूस बीन यांनी हाच धागा पकडून आलं, दालचिनी आणि मिरचीतला तिखटपणा यांचं पेय तयार केलं. अशा पेयांनी गोळा येण्याआधीच टळतो का, यावर प्रयोगांचा कौल एकसारखा नाही. मोहरीचा तिखटपणाही अशाच एका चॅनलला डिवचतो. आपल्या घरातला कैरीच्या लोणच्याचा खार आंबट, खारट, मोहरीने झणझणीत, सगळंच. फक्त वर तेलाचा तवंग असतो, तेवढा काढून घ्यावा. तिसाव्या किलोमीटरला पोटाला तेल मानवत नाही. हे ऐकल्यावर मित्राच्या आईने त्याला औषधाच्या बाटलीत खार भरून दिला. इतकी वर्षं त्याच्या धावण्याला नाकं मुरडणाऱ्या बाईंना पहिल्यांदाच त्यात काही अर्थ दिसला असावा.

मिठाला पूर्ण निर्दोष सोडायलाही मी तयार नाही. काहींच्या घामात मीठ खरंच फार असतं. वाळलेल्या टी-शर्टवर पांढरे नकाशे उमटतात. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एडिथ कोवन विद्यापीठात १० जणांना उष्ण खोलीत उताराच्या ट्रेडमिलवर पळवलं आणि मग गेलेलं पाणी भरून दिलं, एकदा साध्या पाण्याने, एकदा ओआरएसने. साध्या पाण्यानंतर पोटरीत पेटका आणणं सोपं झालं, ओआरएसनंतर अवघड. म्हणजे मीठ जाण्याइतकंच रक्त पातळ होणंही चेतांना चिडवत असावं. आपल्याकडे ऑक्टोबरच्या दमट हवेत घाम सुकत नाही, नुसता टपकतो. अंग थंड होत नाही म्हणून आणखी घाम येतो. अशा हवेत तीन तास धावणाऱ्याने साध्या पाण्याऐवजी ओआरएस प्यावं, हे मला पटतं. केळ्याबद्दल मात्र आशा ठेवू नये. केळं खाल्ल्यावर रक्तातलं पोटॅशियम वाढतं ते जेमतेम, आणि त्यालाही अर्धा ते एक तास लागतो. भूक लागली असेल तर खावं.

मित्राचा तपास आम्ही असा केला. तासभर धावण्याआधी आणि नंतर त्याचं वजन घेतलं. मधे पाणी नाही, घामट कपडे काढून. १.३ किलो गेले, म्हणजे तासाला १.३ लिटर घाम. जास्त, पण विचित्र नव्हे. मग त्याच्या घड्याळातल्या जुन्या नोंदी काढल्या. सरावातले लांब पल्ले किलोमीटरला सात मिनिटांनी, सगळे पाम बीच रोडवर, सपाटीवर. शर्यतीच्या दिवशी मात्र गर्दीच्या जोशात पहिले २० किलोमीटर सव्वासहा मिनिटांनी. आणि मुंबई मॅरेथॉनमध्ये पाय संपत आलेले असताना समोर पेडर रोडचा चढ.

तरीही डावीच पोटरी का, हे कळेना. एका फिजिओथेरपिस्टने त्याला भिंतीशी एका पायावर उभं केलं आणि टाच वर उचलायला सांगितली, थकेपर्यंत. उजव्या पायाने २४ वेळा जमलं. डाव्याने ११. तेव्हा त्याला आठवलं की तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात येऊरला डावा घोटा मुरगळला होता. सूज उतरली, तो पुन्हा धावायला लागला, पोटरीची ताकद कुणी मोजलीच नाही. अर्ध्या ताकदीची पोटरी पूर्ण ताकदीच्या पोटरीइतकंच काम करत होती. ती आधी थकणारच. व्हॅलेन्सिया मॅरेथॉनमधल्या धावपटूंच्या एका अभ्यासातही गोळे आलेल्यांच्या रक्तात स्नायूंना इजा झाल्याच्या खुणा जास्त होत्या, आणि ताकदीचा व्यायाम करणारे त्यांच्यात कमी होते.

डॉक्टरांकडेही आम्ही त्याला पाठवलं, कारण सगळेच गोळे थकव्याचे नसतात. कोलेस्टेरॉलसाठीच्या स्टॅटिन गोळ्या, रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी औषधं, मंदावलेलं थायरॉइड, कमी कॅल्शियम, कमरेत दबलेली नस. सायकलपटूंच्या जांघेतली धमनी कधीकधी जाड होऊन अरुंद होते. १९५१ मध्ये ब्रायन मॅकआर्डल यांनी वर्णन केलेल्या आजारात तर स्नायूला स्वतःच साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, वापरता येत नाही. धावायला लागल्यावर पाचच मिनिटांत पाय आखडतात, थोडं थांबून हळू सुरुवात केली की पुन्हा चालायला लागतात. बसल्या जागी गोळे येत असतील, स्नायू आपोआप फडफडत असेल आणि ताकदही कमी होत असेल, तर गाठायचा तो न्यूरोलॉजिस्ट. आणि श्रमानंतर लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली तर त्याच दिवशी रुग्णालयात जायचं. स्नायू फुटून मूत्रपिंडं बंद पडू शकतात. मित्राच्या तपासण्या नीट आल्या. सीके ही स्नायूंची तपासणी त्याने आठवडाभर विश्रांती घेऊन केली; मॅरेथॉननंतर लगेच केली असती तर आकडा पाहूनच घाबरला असता.

पुढचे पाच महिने तो आठवड्यातून तीनदा जिन्याच्या पायरीवर उभा राहून टाचा उचलत होता, पाठीवरच्या पिशवीत आधी तांदूळ, मग जास्त तांदूळ. गुरुवारी खारघरचा डोंगर. लांब पल्ल्यातले शेवटचे दहा किलोमीटर शर्यतीच्या वेगाने. डावा पाय ११ वरून २१ वर आला. मिठाच्या गोळ्या त्याने सोडल्या, ओआरएस ठेवलं.

जानेवारीत त्याने पहिले २० किलोमीटर पावणेसात मिनिटांच्या वेगाने काढले आणि लोक पुढे जाताना बघत राहिला, जे त्याला चढ चढण्यापेक्षा जड गेलं असणार. पेडर रोड ओलांडला. अडतिसाव्या किलोमीटरला डाव्या पोटरीत ओळखीची थरथर जाणवली. दुभाजकावर पाय टेकवून त्याने टाच खाली दाबली, मिनिटभर थांबला आणि पुढे निघाला. शेवटपर्यंत धावला. खाराची बाटली खिशातच होती, उघडायची वेळच आली नाही असं तो सांगतो. त्याची बायको म्हणते, घरी आली तेव्हा बाटली रिकामी होती.